सिगारेट सुटली आणि वजन वाढले, म्हणून पुन्हा ओढायची का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ४४ वर्षांचे असून सिंहगड रस्त्यावर राहतात आणि हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करतात. वीस वर्षे ते दिवसाला बारा ते पंधरा सिगारेटी ओढत होते. त्यांचे वडील ५१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. सात महिन्यांपूर्वी त्यांनी सिगारेट पूर्ण बंद केली. तेव्हा त्यांचे वजन ६२ किलो होते, आता ६८ आहे. उंची १६८ सेंटिमीटर आणि पोटाचा घेर ९३ सेंटिमीटर आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ५.९ आले आणि अहवालावर ‘साखर काठावर’ असा शेरा पडला. पोटावरून घरात आणि कचेरीत बोलणी ऐकावी लागतात. वजन वाढणे हृदयाला सिगारेटपेक्षा वाईट आणि दिवसाला तीन सिगारेटींनी काही बिघडत नाही, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. गेल्या दोन शुक्रवारी पत्रलेखकांनी टपरीवर एकेक सिगारेट ओढली असून पत्नीला ते सांगितलेले नाही. वजन ६२वर येईपर्यंत रोज तीन सिगारेटी ओढाव्यात आणि मग कायमची सोडावी, असा त्यांचा विचार आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात की मागच्या रविवारी मुलीबरोबर पर्वती चढताना छातीत भरून आल्यासारखे झाले, थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बरे वाटले, आणि ‘वजनामुळेच असणार’.

सप्रेम नमस्कार.

तुमचा मुख्य प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी आधी पत्राच्या शेवटच्या ओळींबद्दल लिहिते, कारण माझ्या मते त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत आणि तुम्ही त्या जाता जाता लिहिल्या आहेत. सहा किलो वजन वाढल्यावर पायऱ्या चढताना दम लागू शकतो, हे खरे. पण श्रम करताना छातीत दाब येणे किंवा भरून येणे आणि थांबल्यावर काही मिनिटांत ते ओसरणे, ही हृदयाच्या स्नायूला श्रमाच्या वेळी पुरेसा रक्तपुरवठा होत नसल्याची नेहमी आढळणारी खूण आहे. डॉक्टर तिला अंजायना म्हणतात. तुमचे दुखणे तेच आहे, असे पत्रावरून कोणीही सांगू शकणार नाही; परंतु वीस वर्षांचे धूम्रपान आणि वडिलांचा इतक्या लवकर झालेला मृत्यू हे दोन्ही मागे असताना ‘वजनामुळेच असणार’ हा निष्कर्ष तुम्ही स्वतः काढू नये, एवढे मी खात्रीने सांगते. वडील किंवा भाऊ यांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर ती गोष्ट एक वेगळा धोका म्हणून मोजतात.

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि पर्वतीवर घडलेली गोष्ट त्यांना जशीच्या तशी सांगा: कितव्या टप्प्यावर त्रास सुरू झाला, नेमके कुठे आणि कसे वाटले, किती वेळात थांबले. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी अशा रुग्णांतही पुष्कळदा निर्दोष येतो, म्हणून तेवढ्या एका कागदावर समाधान मानू नका. चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट करायची की दुसरी काही तपासणी, हे डॉक्टरांना ठरवू द्या. तोपर्यंत टेकड्या चढणे आणि जिममध्ये नाव घालणे थांबवा, सपाट रस्त्यावर बेताने चाला. बसल्या जागी छातीत दाब आला, घाम फुटला, हात किंवा जबडा भरून आला आणि ते काही मिनिटांत गेले नाही, तर स्वतः गाडी न चालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पित्त असेल म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्यात आपल्याकडे फार मोलाचा वेळ जातो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही तो असा मांडला आहे, की एका बाजूला सिगारेट आणि दुसऱ्या बाजूला वजन असून या दोन धोक्यांपैकी एक पत्करायचा आहे आणि धाकटा कोणता ते मी सांगावे. ही निवड तुमच्यासमोर खरोखर आहे, असे मला वाटत नाही. सिगारेट ओढताना तुमचे वजन ६२ किलो होते, म्हणून त्या काळात हृदय सुरक्षित होते, असे तुम्ही मनाशी धरून चालला आहात. तपासून पाहण्याजोगे गृहीतक हेच आहे, आणि त्यासाठी पुण्यातलेच एक उदाहरण हाताशी आहे.

रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्यात या दोघांचे शेजारी शेजारी छायाचित्र होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा २२.३ होता. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, शिवाय ती पोटाच्या आत साठण्याकडे कल असतो, हे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांपासून मोठ्या माणसांपर्यंत अनेक वर्षे तपासले आहे. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३वर आणि स्थूलतेची २५वर आखली गेली, आणि पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर पोटाचा घेर ही मर्यादा ठरली, ती याच कारणाने.

तुमचा बॉडी मास इंडेक्स ६२ किलोला २२ येतो आणि ६८ किलोला २४. पहिला मर्यादेच्या आत आहे आणि दुसरा थोडा बाहेर, एवढाच फरक आहे. आता असे पाहा, की सारख्याच वजनाच्या माणसांत धूम्रपान करणाऱ्यांच्या पोटावर चरबी अधिक असल्याचे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे, आणि धूम्रपानाने मधुमेहाचा धोकाही ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. सात महिन्यांपूर्वी तुमचा घेर कोणी मोजला नव्हता, साखरही तपासली नव्हती. आज अहवालावर दिसणाऱ्या ५.९ या आकड्यातला किती भाग सात महिन्यांचा आणि किती मागच्या वीस वर्षांचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. सिगारेटमुळे मी फिट होतो, असे तुम्ही लिहिता. मला वाटते, सिगारेटमुळे तुम्ही फक्त बारीक होता, आणि त्याच काळात प्रत्येक झुरक्याबरोबर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावत होते, रक्तातील प्लेटलेट्स चिकट होऊन गुठळी धरण्याची शक्यता वाढत होती, कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवत होता आणि निकोटिनमुळे हृदयाचे ठोके व रक्तदाब वर जात होते. यांतले काहीही काट्यावर दिसत नाही, म्हणून ते कोणी तुम्हाला बोलून दाखवले नाही. पोट सगळ्यांना दिसते, म्हणून त्यावर सगळे बोलतात.

सिगारेट सोडून वजन वाढलेल्यांच्या हृदयाचे काय होते, हा प्रश्न संशोधकांनी सरळच विचारलेला आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासातून २०१३ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यांनुसार मधुमेह नसलेल्या लोकांत धूम्रपान सोडणाऱ्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता, आणि सोडल्यानंतर वाढलेले वजन हिशेबात घेतल्यावरही तो फायदा तसाच राहिला. २०१८ मध्ये अमेरिकेतील परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट सोडल्यावर ज्यांचे वजन बरेच वाढले, त्यांचा मधुमेहाचा धोका काही वर्षे चढून पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वाधिक झाला आणि नंतर हळूहळू उतरला; मात्र हृदयविकाराने मरण येण्याचा धोका वजन वाढलेल्यांतही ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच होता. अगदी दहा किलोपेक्षा अधिक वाढ झालेल्यांतही.

म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या बोलण्यात एक भाग खरा आहे. वाढलेले वजन निरुपद्रवी नाही, साखरेच्या बाबतीत तर मुळीच नाही, आणि तुमच्या अहवालावरचा शेरा मी हलका मानत नाही, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असणे म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणे. पण त्यावरचा इलाज सिगारेट हा असू शकत नाही, कारण ती हृदयाचा धोका दुपटीच्या आसपास नेते आणि साखरेचाही वाढवते.

तीन सिगारेटींबद्दल तुम्ही फार सहज लिहिले आहे. दिवसाला पंधराऐवजी तीन ओढल्या तर धोका पाचपटीने कमी होईल, असा हिशेब कोणाच्याही मनात येईल. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तो पुष्कळसा बरोबर आहे, हृदयाच्या बाबतीत नाही. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतील जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यातून दिसले. रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि प्लेटलेट्स धुराच्या थोड्या मात्रेनेही बिघडतात आणि पुढच्या प्रत्येक सिगारेटीची भर त्यामानाने कमी पडते, म्हणून हे असे होते. कमी ओढणे ही हृदयासाठी मधली वाट ठरत नाही. शिवाय वीस वर्षे बारा-पंधरा ओढलेल्या माणसाची तलफ तीनवर थांबून राहते, असे अनुभवाला येत नाही. पहिल्या शुक्रवारी तुम्ही एक ओढली, दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा ओढली आणि तिसऱ्याच्या आधी रोज तीन ओढण्याची योजना कागदावर उतरली, हे कृपया स्वतःच एकदा वाचून पाहा.

वजनासाठीही तुमची योजना उपयोगी नाही. सिगारेट पुन्हा सुरू केल्याने वाढलेले सगळे वजन उतरतेच असे नाही. उतरले, तरी दुसऱ्यांदा सोडताना ते पुन्हा वाढणारच, आणि आज ज्या कारणाने तुम्ही मागे फिरू पाहता तेच कारण तेव्हाही समोर उभे राहील. तुम्ही सर्वांत कठीण महिने पार केले आहेत. तलफ पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते, आणि वजनही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत चढते, पुढे त्याचा वेग मंदावतो. सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढते. काहींचे दहाच्या वर जाते, आणि साधारण सहांपैकी एकाचे तर कमी होते. तुमचे सहा किलो या हिशेबात मुळीच अजब नाहीत.

हे वजन आले कुठून, ते समजले की उपाय सोपा होतो. निकोटिन भूक मारते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढवते. दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांवर १९८०च्या दशकात झालेल्या एका छोट्या प्रयोगात हा जादा खर्च दिवसाला सुमारे २०० कॅलरी इतका निघाला होता. सिगारेट बंद झाली की तो खर्च थांबतो, मेलेली भूक परत येते, जिभेला चव आणि नाकाला वास कळू लागतो, आणि हाताला व तोंडाला लागलेली सवय दुसरे काहीतरी मागते. तुम्ही पत्रात दुपारी चारच्या चहाचे वर्णन केले आहे: पूर्वी टपरीवर एका हातात चहाचा ग्लास आणि दुसऱ्या हातात सिगारेट असायची, आता त्या हातात खारी किंवा क्रीमरोल असतो, आणि कचेरीत परतल्यावर टेबलाच्या खणातली भाकरवडी असते. दिवसात चहा पाच वेळा होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्यात सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी धरल्या, तर नुसत्या चहातल्या साखरेच्या २०० कॅलरी झाल्या. सिगारेट जेवढे जाळत होती असे तुम्ही मानता, तेवढे सगळे या दहा चमच्यांत आहे.

म्हणून सुरुवात चहापासून करा. पाचाचे तीन करा, साखर दोन आठवड्यांत अर्ध्या चमच्यावर आणा, आणि चारच्या चहाबरोबर बेकरीचे काहीही न घेता मूठभर फुटाणे किंवा काकडी-गाजर घ्या. घरच्या जेवणात फार उलथापालथ नको. ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक हे जेवण साखरेसाठीही चांगले आहे आणि त्याने पोटही भरते. भात बंद करण्याची गरज नाही, दुसरी वाढ तेवढी टाळा. रविवारी मिसळ खायची असेल तर खा, तिच्याबरोबर दुसरा पाव आणि त्यानंतर जिलबी नको. एकदम उपाशी राहण्याचे प्रयोग मात्र करू नका. भूक आणि सिगारेटची तलफ शरीराला सुरुवातीला जवळजवळ सारखीच वाटते, आणि रिकाम्या पोटी टपरीसमोरून जाणे तुम्हाला या वर्षी तरी परवडणारे नाही.

तोंडात काही हवे असेल तर बडीशेप, वेलदोडा किंवा लवंग ठेवा. सुपारी नको, ती तंबाखूविनाही तोंडाच्या कर्करोगाला कारण होते, आणि सिगारेट सोडलेले कितीतरी जण नकळत तिच्या आहारी जातात. मळलेली तंबाखू धुराविना असल्याने हृदयाला चालते, असाही एक समज आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या माहितीतून चघळण्याच्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असे दिसले आहे, आणि विडीनेही. ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. कोणी परदेशातून आणून दिली तरी घेऊ नका.

व्यायाम म्हणून भरभर चालण्याबद्दल मी मुद्दाम नंतर लिहिते आहे, कारण ते डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू करायचे आहे. परवानगी मिळाली की आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चाला. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या तरी चालेल. तळजाईला जायचे ठरवून रोज उशीर झाला म्हणून न जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. हळूहळू आठवड्यातून दोनदा स्नायूंचे व्यायाम त्यात घाला, कारण आपल्या शरीरात कमतरता स्नायूंची आहे. चालण्याने वजन फार झपाट्याने उतरणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवलीत तर महिन्याभरात निराश व्हाल. पण साखर, रक्तदाब आणि झोप यांवर त्याचा परिणाम वजनाच्या आधी दिसतो. शिवाय दहा मिनिटांच्या चालण्यानेही त्या वेळची तलफ कमी होते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. चार वाजता टपरीकडे न जाता इमारतीभोवती एक फेरी मारण्याची सवय लावलीत, तर एकाच वेळी दोन्ही कामे होतील.

आता त्या दोन शुक्रवारांबद्दल. दोन सिगारेटी ओढल्या म्हणजे सात महिने वाया गेले, असे मुळीच नाही. बहुतेक लोक कायमचे सोडण्याआधी एकदा तरी घसरतात. मात्र घसरणे कोणत्या प्रसंगी झाले ते पाहावे लागते, आणि तुमच्या बाबतीत ते उघड आहे: आठवड्याचे काम संपलेले, तोच सहकारी, तीच टपरी, आणि त्या दिवशी कोणीतरी पोटावरून केलेली थट्टा. पुढचे दोन-तीन महिने शुक्रवारी संध्याकाळी थेट घरी निघा. त्या सहकाऱ्याला एकदाच आणि स्पष्टपणे सांगा, की माझे वडील ५१व्या वर्षी गेले, मला सिगारेट देऊ नकोस. मित्र असेल तर तो हे ऐकेल.

तलफ अनावर होत असेल तर निकोटिनचे च्युइंगगम उपयोगी पडते. दोन मिलिग्रॅमचे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण छातीच्या तक्रारीमुळे तुम्ही ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून झिणझिण्या येऊ लागल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधेही आहेत, आणि या तिन्हींमुळे उपचार चालू असेपर्यंत वजनवाढ काहीशी आटोक्यात राहते, हे वजनाच्या भीतीने सिगारेट न सोडणाऱ्यांना फारसे माहीत नसते. त्यांतले तुम्हाला कोणते चालेल ते तुमचे डॉक्टरच सांगतील. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. सिगारेटच्या पाकिटावर तोच क्रमांक छापलेला असतो.

पत्नीला सांगा. तुम्ही लिहिता की त्यांना वाईट वाटेल, आणि ते वाटेलही. पण पोटावरून त्या जे बोलतात ते तुमच्या तब्येतीच्या काळजीनेच बोलत असणार, आणि त्या बोलण्याचा उलटा परिणाम होऊन तुम्ही पुन्हा टपरीवर उभे राहिलात, हे त्यांना कळल्याशिवाय त्या थांबणार कशा? सिगारेट सोडलेल्या माणसाच्या घरच्या सर्वच मंडळींना माझी हीच विनंती आहे: निदान पहिले वर्षभर जेवणाच्या ताटावर वजनाचा विषय काढू नका. घरात फरसाणाचा डबा कमी वेळा भरला, चहाची साखर सगळ्यांचीच कमी झाली, तर न बोलताही पुष्कळ मदत होते. छातीची गोष्ट तर त्यांना आजच सांगा, आणि डॉक्टरांकडे त्यांना बरोबर घेऊन जा.

तुमच्यासारखी आणखीही पत्रे माझ्याकडे येतात, म्हणून त्या वाचकांसाठी थोडे लिहिते. ज्यांचे वजन आधीच जास्त आहे आणि जे अजून ओढत आहेत, त्यांनी आधी वजन उतरवू आणि मग सिगारेट सोडू असा क्रम लावू नये. फ्रेमिंगहॅमच्याच माहितीवरून २००३ मध्ये काढलेल्या अंदाजात चाळिशीतील स्थूल आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्री-पुरुषांचे आयुष्य, बेताच्या वजनाच्या आणि न ओढणाऱ्या माणसांच्या मानाने सुमारे तेरा वर्षांनी कमी भरले. दोन्ही धोके एकत्र आले की नुकसान असे वाढते, आणि त्यांतला सिगारेटचा भाग एका निश्चयाच्या दिवशी थांबवता येतो, वजनाला मात्र महिने लागतात. जे बारीक आहेत आणि म्हणून निश्चिंतपणे ओढतात, त्यांनी या आठवड्यात एक मोजपट्टी घेऊन पोटाचा घेर मोजावा आणि साखर तपासून घ्यावी. स्त्रियांना वजनवाढीची भीती अधिक दाखवली जाते, आणि मिश्री लावणाऱ्या बायका तर आपण तंबाखू घेतो असे धरतच नाहीत. त्यांच्याही हृदयाला हे सारे तितकेच लागू आहे. इंटरहार्टमध्ये आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका सरासरीने ५३व्या वर्षाच्या आसपास, म्हणजे इतर देशांतील लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी आल्याचे दिसले होते. आपल्याकडे ‘अजून वय आहे’ म्हणून थांबण्याजोगा वेळ नसतो.

सोडण्याचा फायदा मात्र लवकर सुरू होतो. साधारण वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, आणि चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत आयुष्याची सुमारे नऊ वर्षे परत मिळतात, असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. त्या वर्षातले सात महिने तुमचे झालेले आहेत.

डॉक्टरांकडे जाताना कंपनीचा अहवाल बरोबर न्या. रक्तदाब, कोलेस्टेरॉलचे सगळे घटक आणि साखर यांबद्दल विचारा, आणि वडिलांच्या इतिहासामुळे कोलेस्टेरॉलसाठी गोळी लागेल का, हेही विचारा. घरी वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी सकाळी करा. रोज काट्यावर उभे राहून पाणी आणि मिठाने होणारे चढउतार पाहत बसू नका. पोटाचा घेर महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजा. वर्षभरात ६८चे ६४ झाले आणि घेर ९०च्या आत आला तरी खूप झाले, ६२चा हट्ट सोडून द्या. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांनी छातीबद्दल काय सांगितले ते मला जरूर कळवा.